आमची वाटचाल: धूळ उठते तिथेच ओढायची

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल हा कोल्हापूरचा फौंड्रीपट्टा. आम्ही कास्टिंग (वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून केलेले भाग) काढत नाही, त्या कामात उठणारी धूळ ओढायची यंत्रणा बनवतो. हूड म्हणजे धूळ ओढून घेणारं तोंड, डक्ट म्हणजे ती वाहून नेणारा पाइप, हवा ओढणारा ब्लोअर आणि धूळ गाळणारा कापडी पिशव्यांचा बॅग फिल्टर.

सुरुवात ब्लोअर दुरुस्तीपासून झाली. बोलावणं यायचं, "ओढ कमी झालीय." जाऊन बघावं तर ब्लोअर ठणठणीत, पण हूड पार वर टांगलेला. दिवा हातभरावरून फुंकून विझतो, तेवढ्याच अंतरावरून श्वास ओढून विझत नाही. ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाशी हवेचा जो वेग असतो, तो पाइपच्या व्यासाइतकं पुढं गेलं की जेमतेम दहावा हिस्सा उरतो. मोटार मोठी घालून हे अंतर भरून निघत नाही. उलट वरचा हूड धूळ ओढतो ती फेटलिंगवाल्याच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्याच्या, तोंडावरूनच.

म्हणून पत्रा कापण्याआधी आम्ही त्या माणसाशेजारी उभे राहतो. जॉब (हातातलं कास्टिंग) तो कसा फिरवतो, ग्राइंडरच्या ठिणग्या कुठं जातात, क्रेन कुठून येते. कामात आडवा येणारा हूड लवकरच कोपऱ्यात जातो, हे आम्हाला पक्कं माहीत आहे. लहान जॉबला खालून ओढणारं जाळीचं टेबल देतो, नॉकआऊटला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात तिथं, तीन बाजूंनी आडोसा.

वाळूतल्या सिलिकाची जी धूळ फुप्फुसात खोल उतरते, ती डोळ्याला दिसतच नाही. तिच्यानं होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही, टाळता मात्र येतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून, सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत तो आहे. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीनं हवेतल्या घातक पदार्थांच्या मर्यादाही कायद्यात आल्या. मास्क हवाच, पण घामात पाळीभर तो नीट बसत नाही. सगळी भिस्त त्याच्यावर टाकणं आम्हाला अन्यायाचं वाटतं.

आम्ही कामगाराच्या कॉलरला सॅम्पलर (हवेतली धूळ गोळा करणारं छोटं उपकरण) लावून पाळीभराची धूळ मोजून घेतो, यंत्रणा बसवण्याआधी आणि नंतर. दुसरं रीडिंग मर्यादेत आलं की मगच शेवटचा हप्ता घेतो. पाळी सुटताना कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झटकायची पद्धत आहे, त्यानं खाली बसलेली धूळ पुन्हा नाकात जाते. म्हणून प्रत्येक कामासोबत व्हॅक्यूमची एक लाइन देतो, तिचे पैसे लावत नाही.

आता मोजक्या माणसांच्या फौंड्रीला परवडेल असं, एकाच ग्राइंडरपुरतं छोटं युनिट करायला घेतलंय.