इंजिन फुटलं, तेल पॅनमध्येच राहिलं

आठ तासांची रेस होती आणि मी तांत्रिक तपासणीला होतो. आदल्या दुपारी स्क्रुटिनीला हजार सीसीची एक बाइक आली. इंजिन नुकतंच बांधून घेतलेलं, आत टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे. वर्ग खुला, म्हणजे इंजिनात असे बदल चालणारा असल्याने ते नियमात बसत होतं. टीम मॅनेजर कौतुकाने एकेक गोष्ट सांगत होता, तोवर मी बाइकखाली शिरलो.

बेली पॅन म्हणजे इंजिनखालची फेअरिंग, बाइकच्या बाहेरच्या कवचाचा खालचा भाग. इंजिन फुटलं तर तेल आणि पाणी ट्रॅकवर न सांडता तिच्यात साठावं, म्हणून एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या नियमांत अट आहे की एकूण तेल आणि कूलंटच्या निदान निम्मं तरी तिच्यात मावलं पाहिजे. पावसाचं पाणी निघून जाण्यासाठी तिला 25 मिलिमीटरची भोकं ठेवतात, पण कोरड्या रेसमध्ये ती बुचाने बंद हवीत. इथे भोकं होती, बुचं नव्हती. एक्झॉस्टला जागा करताना मागची कड इतकी खाली कापली होती की लिटरभर तेलही टिकलं नसतं. ड्रेन प्लगची, म्हणजे तेल काढायच्या बुचाची, लॉकवायरसुद्धा (ते सुटू नये म्हणून बांधायची तार) उलट बाजूने बांधलेली. प्लग सैल व्हायला लागला की तार ताणली गेली पाहिजे. ही ढिली पडत होती.

"साहेब, इंजिनवर एवढा खर्च केलाय, ते फुटणार नाही," मॅनेजर म्हणाला. मी तपासणी पास झाल्याचा स्टिकर दिला नाही. कोरड्या ट्रॅकवरचं तेल मागून येणाऱ्या स्वाराला दिसत नाही, कळतं ते पुढचं चाक निसटल्यावर. रेडिएटरमध्ये ग्लायकॉल, म्हणजे रोजच्या गाड्यांच्या कूलंटमधलं निसरडं रसायन, चालत नाही, तेही याच कारणासाठी.

त्यांच्या पोरांनी रात्री जागून फायबरग्लासचे थर चढवले आणि कड वाढवली. सकाळी मी पॅन बाइकवर बसते त्याच कलाने जमिनीवर ठेवायला लावली आणि मापाच्या भांड्याने पाणी ओतलं. निम्म्याच्या थोडं वर मावलं. तार नव्याने बांधलेली, बुचं बसवलेली. स्टिकर दिला.

सहाव्या तासात, सरळ रस्त्याच्या शेवटी, रॉड क्रँककेस, म्हणजे इंजिनचं खालचं कवच, फोडून बाहेर आला. स्वाराने हात वर केला, क्लच दाबला आणि रेसिंग लाइन सोडून बाइक गवतात नेली. मार्शलांनी ट्रॅक पाहिला. थोडे थेंब होते, त्यावर सिमेंट टाकून झाडून घेतलं. सेफ्टी कारही बाहेर काढावी लागली नाही. ट्रकवरून बाइक आल्यावर मी पॅन उतरवली. क्रँककेसला मूठ जाईल एवढं भोक, पॅनमध्ये काळं तेल आणि त्यात रॉडचा तुटका तुकडा.

मला राग येतो तो पैसा आधी कशावर घालतात त्या क्रमाचा. लांब पल्ल्याच्या रेसच्या जागतिक एन्ड्युरन्स मालिकेतही टाकी 24 लिटरच्या पुढे नेता येत नाही, त्यामुळे जास्त ताकदीचं, जास्त पेट्रोल पिणारं इंजिन पिटमध्ये लवकर येतं आणि लॅपमागे कमावलेलं तिथे घालवतं. त्या दिवशी पहिल्या काहींत आलेल्या एका टीमचं इंजिन जवळपास स्टॉक, म्हणजे कंपनीतून आलं तसंच होतं. त्यांनी पैसा पिटमध्ये चाकं झटपट बदलण्याच्या सोयीत घातला होता. स्पेसर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंच्या कड्या, चाकातच अडकून राहणारे, ब्रेक पॅडच्या कडा तासून उतरत्या केलेल्या, म्हणजे डिस्क चाचपडावी न लागता आत सरकते. त्यांचा मेकॅनिक मागचं चाक बसवताना खाली बघतही नव्हता. शिवाय क्लच आणि जनरेटरवर जाड जादा कव्हरं. टायरच्या एका जोडीच्या पैशांत बसणारी ही वस्तू आहे, आणि बाइक आडवी पडली तरी रेस चालू ठेवते.

सामान भरताना मॅनेजर माझ्याकडे आला. पुढच्या रेसला स्टॉक इंजिनच लावतो म्हणाला, आणि ही पॅन तेव्हा चालेल का, असं विचारलं. मी ती उजेडात धरली. रॉड आदळला होता तिथे केसाएवढा तडा होता.

"नाही चालणार. नवीन करा. आणि या वेळी कड आधीच उंच ठेवा, एक्झॉस्ट तिच्याप्रमाणे वळवा."