तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा डेलावेअरला दोन सिनेटर कशाला?

भारतातून आलेले पाहुणे विचारतात, इथेच वाढलेली मित्रमंडळींची मुलं विचारतात, आणि अमेरिकेत निवडणूक आली की व्हॉट्सअ‍ॅपवरून काका-मामाही विचारतात: ‘तुमचं राज्य केवढं, आणि सिनेटर दोन? कॅलिफोर्नियालाही दोनच? हा कुठला न्याय?’ प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला गाडीने निघालात तर डेलावेअर अर्ध्या तासात संपतं. टोलनाक्यावर रांग असली तरच राज्य जरा मोठं वाटतं.

२०२० च्या जनगणनेत डेलावेअरची लोकसंख्या भरली ९,८९,९४८ आणि कॅलिफोर्नियाची सुमारे ३ कोटी ९५ लाख, म्हणजे चाळीसपट. गोवेकरांना हा हिशेब लवकर कळतो, कारण माणसं गोव्यात डेलावेअरपेक्षा जास्त आहेत. गोव्यातून लोकसभेवर दोन खासदार जातात आणि राज्यसभेवर एक. डेलावेअरचं बरोबर उलटं, प्रतिनिधिगृहात एक आणि सिनेटमध्ये दोन. आपल्या राज्यसभेत जागावाटप साधारण लोकसंख्येकडे बघून झालं, म्हणून महाराष्ट्राला १९ जागा आणि गोव्याला एक. अमेरिकेत मात्र राज्य तेवढं सारखं, हे तत्त्व. आणि ते तत्त्व घटनेत यावं म्हणून अडून बसणाऱ्यांत डेलावेअर सगळ्यात पुढे होतं.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहायला माणसं जमली. डेलावेअरचे पाच जण तिथे गेले ते हात बांधून घेऊनच. तोवरच्या व्यवस्थेत प्रत्येक राज्याला एक मत होतं. त्याला धक्का लावणाऱ्या कुठल्याही बदलाला संमती द्यायची नाही, अशी अट त्यांच्या अधिकारपत्रातच लिहिलेली होती. गंमत म्हणजे ही अट विधिमंडळाने आपणहून घातली नव्हती. पाचांपैकी एक, जॉर्ज रीड, यांनीच ती घालून घेतली होती. उद्या मोठ्या राज्यांनी समजावायला सुरुवात केली तर ‘आमचा नाइलाज आहे हो’ म्हणता यावं, ही सोय. व्हर्जिनियाने लोकसंख्येवर प्रतिनिधित्व ठरवण्याचा विषय काढताच रीड यांनी ते पत्र पुढे केलं: हे होणार असेल तर आम्हाला कदाचित उठून जावं लागेल.

३० जूनला पाचांतलेच दुसरे, गनिंग बेडफर्ड, उभे राहिले आणि त्यांनी तर कहरच केला. मोठ्या राज्यांवर आमचा भरवसा नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. तुम्ही संघ मोडलात तर लहान राज्यांचा हात धरायला एखादी जास्त प्रामाणिक परकीय सत्ता मिळेल, असंही सुनावलं. ब्रिटिशांशी लढून उणीपुरी चार वर्षं झाली होती. त्या दालनात हे वाक्य कसं लागलं असेल, कल्पना करा. अखेर १६ जुलैला तडजोड मंजूर झाली: प्रतिनिधिगृह लोकसंख्येवर, सिनेट राज्यागणिक समान. पाच राज्यं बाजूने, चार विरुद्ध, मॅसॅच्युसेट्सची मतं दुभंगलेली. इतक्या काठावरच्या मतदानावर ही सगळी रचना अजून उभी आहे. मनासारखं झाल्यावर डेलावेअरने मग वेळ घालवला नाही. ७ डिसेंबर १७८७ ला राजधानी डोव्हरमध्ये तीस विरुद्ध शून्य मतांनी घटना मान्य केली आणि ‘पहिलं राज्य’ ही बिरुदावली मिळवली. ती आजही आमच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर मिरवते.

एवढं ऐकून पाहुण्यांचं समाधान होतं. माझं होत नाही. दोन जागा राज्याला मिळाल्या खऱ्या, पण राज्याला म्हणजे कोणाला? सिनेटर तेव्हा लोक निवडत नसत, राज्याचं विधिमंडळ निवडायचं. विधिमंडळ छोटं, राज्य छोटं, सगळे एकमेकांचे व्याही नाहीतर वैरी. साहजिकच जागा घराण्यांत फिरू लागल्या.

बायर्ड घराणंच घ्या. पहिल्या दोन सिनेटरांपैकी एक रिचर्ड बॅसेट. त्यांचे जावई जेम्स बायर्ड. १८०१ मध्ये जेफर्सन आणि बर यांच्यात अध्यक्षपदाचा तिढा पडला आणि निर्णय प्रतिनिधिगृहाकडे आला. तिथे प्रत्येक राज्याला एक मत, आणि डेलावेअरचा प्रतिनिधी एकच, हे बायर्ड. छत्तिसाव्या फेरीत त्यांनी आपलं मत कोरं ठेवलं आणि गाठ सुटली. पुढे ते सिनेटर झाले. मग त्यांचे दोन मुलगे झाले, मग नातू, मग पणतू. ४ मार्च १८६९ ला तर वडिलांची मुदत संपली आणि त्याच दिवशी, त्याच जागेवर, मुलाची सुरू झाली. पाच बायर्ड, सहावे सासरे. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

दुसरं घराणं सॉल्सबरी. १८७१ मध्ये विलर्ड सॉल्सबरी यांची जागा रिकामी होणार होती आणि तिच्यासाठी तीन सख्खे भाऊ समोरासमोर आले: खुद्द विलर्ड, नुकतेच गव्हर्नरपदावरून उतरलेले गोव्ह आणि मधले इलाय. आपल्याला मिळत नाही म्हटल्यावर विलर्ड यांनी गोव्ह यांची वाट अडवली आणि आपली मतं इलाय यांच्याकडे वळवली. इलाय पुढची अठरा वर्षं सिनेटमध्ये बसले.

हेच विलर्ड सॉल्सबरी १८६३ च्या जानेवारीत, ऐन यादवी युद्धात, दारूच्या अंमलाखाली सिनेटमध्ये बोलायला उठले होते. लिंकनना त्यांनी दुबळा आणि मतिमंद म्हटलं. खाली बसायला सांगितलं तर ऐकेनात, आणि सुरक्षा अधिकारी जवळ येताच पिस्तूल काढलं. हा किस्सा मी रंगवून सांगते आणि लोक हसतात. पुढचा सांगितला की हसत नाहीत. ८ एप्रिल १८६४ ला गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती सिनेटमध्ये ३८ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाली. त्या सहा विरोधी मतांतली दोन डेलावेअरची, म्हणजे आमचे दोन्हीच्या दोन्ही सिनेटर. डेलावेअरमध्ये १८६० च्या जनगणनेत १,७९८ गुलाम होते आणि जवळपास वीस हजार स्वतंत्र कृष्णवर्णीय. त्यांच्यातल्या एकालाही मत नव्हतं. बेडफर्ड ज्या लहानांच्या वतीने फिलाडेल्फियात गरजले होते, त्यांत ही माणसं धरलेली नव्हती. राज्याच्या विधिमंडळाने तेरावी दुरुस्ती १८६५ मध्ये फेटाळली आणि मान्य केली ती थेट १९०१ मध्ये.

आणि १९०१ म्हटलं की अ‍ॅडिक्स. या माणसाबद्दल मला कोणी विचारत नाही, ही माझी कायमची तक्रार आहे.

जे. एडवर्ड अ‍ॅडिक्स मूळचे फिलाडेल्फियाचे. शहरांना गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांच्या व्यवहारांत त्यांनी बक्कळ पैसा केला होता, म्हणून लोक त्यांना ‘गॅस अ‍ॅडिक्स’ म्हणत. घर डेलावेअरच्या अगदी उत्तर टोकाला, क्लेमाँटमध्ये. त्यांना सिनेटर व्हायचं होतं. छोट्या राज्यात विधिमंडळाचे सदस्यही मोजकेच, तेव्हा बहुमत विकत घेणं आवाक्यातलं होतं. केंट आणि ससेक्स या दक्षिणेकडच्या दोन काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) त्यांनी पैसा ओतला. उत्तरेकडच्या विल्मिंग्टन शहराच्या बाजूचे जुने रिपब्लिकन हे बघून खवळले. पक्ष उभा फाटला. अ‍ॅडिक्सचा पवित्रा साधा होता: मी, नाहीतर कोणीच नाही.

१८९५ मध्ये सिनेटर निवडायला डोव्हरला ११४ दिवसांत मतदानाच्या २१७ फेऱ्या झाल्या. बहुमत होईना. अ‍ॅडिक्सविरोधी रिपब्लिकनांचे उमेदवार, प्रसिद्ध उद्योगपती घराण्यातले हेन्री ड्यूपाँट, यांना २९ पैकी १५ मतं पडली, तर प्रश्न निघाला की सभागृहात मुळात मतं २९ की ३०? कारण एप्रिलमध्ये गव्हर्नर वारले, राज्य सिनेटच्या (विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाच्या) सभापतींनी ते पद घेतलं आणि तरीही सभागृहात येऊन मत दिलं. तीस धरली तर पंधरा म्हणजे बहुमत नव्हे. भांडण वॉशिंग्टनला, अमेरिकेच्या सिनेटपुढे गेलं आणि १८९६ मध्ये तिथे ड्यूपाँट एका मताने हरले. जागा रिकामी राहिली. १८९७ मध्ये डेमोक्रॅट पक्षाने ती भरली, पण १८९९ मध्ये दुसरी जागा रिकामी झाली आणि भरता येईना. १९०१ मध्ये पहिलीचीही मुदत संपली. मार्च १९०१ ते मार्च १९०३, अख्खी दोन वर्षं, अमेरिकेच्या सिनेटमध्ये डेलावेअरचा एकही माणूस नव्हता.

ज्या दोन जागांसाठी परक्यांशी हातमिळवणीची धमकी दिली, त्याच जागा घरच्या भांडणात दोन वर्षं धूळ खात ठेवल्या! अ‍ॅडिक्सला जागा मिळाली नाही ती नाहीच. १९०६ मध्ये हेन्री ड्यूपाँट सिनेटर झाले, आणि अ‍ॅडिक्स पुढे कफल्लक होऊन १९१९ मध्ये गेले. पण सिनेटरांची निवड विधिमंडळाकडून काढून लोकांच्या हाती द्या, असं म्हणणाऱ्यांना देशभर दाखवायला एक नमुना मिळाला होता. १९१३ मध्ये सतरावी घटनादुरुस्ती झाली आणि सिनेटरची थेट निवडणूक सुरू झाली.

डेलावेअरच्या मतदारांनी १९१६ मध्ये पहिल्यांदा सिनेटर निवडला आणि पहिल्याच फटक्यात हेन्री ड्यूपाँट यांना घरी बसवलं. घराण्यांनी तरी हार मानली नाही. १९२१ मध्ये लोकांनी निवडलेले वॉल्कॉट यांना गव्हर्नरने राज्याच्या चॅन्सरी न्यायालयाचं प्रमुखपद देऊ केलं. त्यांनी सिनेट सोडली आणि मोकळ्या जागेवर गव्हर्नरने हेन्रींच्याच घराण्यातले टी. कोलमन ड्यूपाँट यांना नेमलं. इथे त्या प्रकाराला आजही ‘घाणेरडा सौदा’ म्हणतात. पुढच्याच वर्षी मतदारांनी कोलमनना हरवलं, पण कोणाकरवी? तर पाचव्या बायर्डकरवी. (कोलमननी स्वखर्चाने राज्यभर लांब महामार्ग बांधायला घेतला होता. समुद्रकिनाऱ्यावर जाताना त्यावरूनच जावं लागतं, त्यामुळे त्यांना फार नावं ठेवता येत नाहीत.)

त्यानंतरची गोष्ट वेगळ्या चालीची आहे. मिल्सबरोचे कोंबडीखाद्याचे व्यापारी जॉन विल्यम्स १९४७ मध्ये सिनेटमध्ये गेले आणि करखात्यातला भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणून नाव कमावून आले. १९७२ मध्ये जो बायडन नावाच्या मुलाने मातब्बर केलेब बॉग्ज यांना ३,१६२ मतांनी पाडलं. मुलगाच म्हणायचा, मतदानाच्या दिवशी तो २९ वर्षांचा होता आणि सिनेटरला किमान ३० लागतात. तिशी दोन आठवड्यांनी पूर्ण झाली. डिसेंबरात त्याची पत्नी आणि तान्ही मुलगी अपघातात गेली. शपथ त्याने विल्मिंग्टनच्या रुग्णालयात घेतली, कारण अपघातात जखमी झालेला मुलगा तिथे उपचार घेत होता. मग छत्तीस वर्षं रोज रेल्वेने वॉशिंग्टनला ये-जा. हे सगळं तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून मी थोडक्यात आटोपते.

तुम्हाला ठाऊक नसतं ते जॉर्जटाउनचं. निवडणुकीनंतर दोन दिवसांनी, गुरुवारी, ससेक्स काउंटीच्या या गावात जिंकलेले आणि हरलेले उमेदवार एकाच गाडीत शेजारी शेजारी बसून मिरवणुकीने फिरतात. दोन्ही पक्षांचे प्रमुख एक खरीखुरी कुऱ्हाड वाळूत पुरतात, आणि आगीवर भाजलेल्या बैलाच्या मांसाचे सँडविच फुकट वाटतात. चाळीसपट मोठ्या राज्यात हे जमलं असतं असं मला वाटत नाही. इथे सिनेटर दुकानाच्या रांगेत दिसतो, आणि बोलायला थांबतोही. मला हे आवडतं, आणि आवडतं म्हणून ते न्याय्य ठरत नाही हेही कळतं. वॉशिंग्टन शहरात सुमारे सात लाख माणसं राहतात, त्यांना सिनेटमध्ये शून्य जागा. २०२४ मध्ये लिसा ब्लंट रॉचेस्टर निवडून आल्या, तेव्हा डेलावेअरला पहिली महिला आणि पहिली कृष्णवर्णीय सिनेटर मिळाली. १७८९ पासून धरा आणि सांगा, उशीर म्हणजे किती.

शिवाय राज्याच्या आत हीच चाल चालत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. विल्मिंग्टनच्या काउंटीत बहुसंख्य लोक, तरी राज्याच्या सिनेटमध्ये तिला सात जागा आणि दक्षिणेकडच्या दोन काउंट्यांना मिळून दहा, अशी वाटणी १८९७ पासून चालत आली होती. काउंट्यांचं म्हणणं, अमेरिकेच्या सिनेटसारखंच तर आहे. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं: राज्याच्या आत जागा लोकसंख्येनुसारच. म्हणजे डोव्हरमध्ये जे घटनाबाह्य, ते वॉशिंग्टनमध्ये घटनेचा कणा.

‘मग बदलत का नाहीत?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. उत्तर घटनेच्या पाचव्या कलमात आहे. कुठल्याही राज्याची सिनेटमधली समान मतं त्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय काढून घेता येत नाहीत. म्हणजे डेलावेअरच्या विधिमंडळाला विचारावं लागेल. सतराव्या घटनादुरुस्तीला, म्हणजे सिनेटर लोकांनी निवडावा एवढ्या साध्या गोष्टीला, या विधिमंडळाने मान्यता दिली २०१० मध्ये.