29 तासांची नोकरी

परवा हातात पडलेल्या ऑफर लेटरमध्ये आठवड्याचे तास लिहिले होते 29. मी मॅनेजरबाईला विचारलं, एक तास वाढवून मिळेल का? ती गोड हसली आणि म्हणाली, तेवढं सोडून काहीही माग.

त्या एका तासात सगळी मेख आहे. 2010 साली, ओबामांच्या काळात, इथं अमेरिकेत आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला. 50 किंवा त्याहून जास्त पूर्णवेळ माणसं असलेल्या कंपनीनं आपल्या पूर्णवेळ कामगारांना आणि त्यांच्या मुलांना विमा देऊ करायचा, नाहीतर दंड भरायचा. पूर्णवेळ म्हणजे काय, तर आठवड्याला सरासरी 30 तास. झालं! सरकारनं 30 चा आकडा घातला आणि दुकानदारांना 29 चा पाढा पाठ झाला. मॉलमध्ये, गोदामात, हॉटेलात जाऊन विचारा, 28-29 तासांवाली माणसं ढिगानं सापडतील. एखाद्या आठवड्यात कुणी आजारी पडलं म्हणून आपण जास्त तास केले, तर पुढच्या आठवड्यात गुपचूप कापले जातात. तास खालीवर होणाऱ्या कामगाराची सरासरी काढायला कंपनी वर्षभर घेऊ शकते, तेही कायद्यात बसवलेलं. आणि मुलांना विमा द्यायचा म्हटलंय, नवऱ्या-बायकोला द्यायचाच असं कायदा म्हणत नाही. बऱ्याच कंपन्या देतात, पण मर्जीनं.

मला पार्ट टाइमच हवंय, कारण धाकट्याला दमा आहे आणि शाळेतून कधी फोन येईल सांगता येत नाही. आमच्या ह्यांची नोकरी उन्हाळ्यात गेली. आता कंत्राटावर काम मिळालंय, पैसे बरे आहेत, विमा नाही. जुना विमा 18 महिने चालू ठेवता येतो, पण मग कंपनी भरायची तो वाटाही आपल्याच बोकांडी, वर 2 टक्के कारभाराचे. तो आकडा बघून आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही. सरकारी मार्केटप्लेसवरही विमा विकत मिळतो, पण अनुदानाशिवाय हप्ता झेपत नाही. म्हणून पगार कितीही असो, विमा देणारं अर्धवेळ काम शोधायला मी निघाले.

लेकराचा पंप आणि बापाची नोकरी एकाच दोरीला का बांधली, हा प्रश्न मी इथं सगळ्यांना विचारते. उत्तर मिळालं ते युद्धाच्या काळातलं. 1942 मध्ये सरकारनं पगारवाढीवर लगाम घातला. माणसं तर हवीच होती, मग मालकांनी पगाराऐवजी विम्याचं आमिष दाखवलं. पुढं 1954 च्या करकायद्यानं त्यावरचा कर माफ असल्याचं पक्कं केलं. युद्ध संपलं, दोरी तशीच राहिली.

सगळेच 29 वाले नाहीत, हेही सांगायला पाहिजे. स्टारबक्स कॉफीवाले 1988 पासून अर्धवेळ माणसांनाही विमा देतात, आठवड्याला सरासरी 20 तास भरले की पात्र. यूपीएस या कुरिअर कंपनीत पार्सलं चढवणाऱ्या पार्ट टाइम पोरांना युनियनमुळं विमा मिळतो. 1997 मध्ये त्यांनी 15 दिवस संप केला होता, त्यात पार्ट टाइमचाच मुद्दा मोठा होता. पण तिथली पाळी पहाटेची, आणि माझी कंबर आता ते मानणार नाही.

आईचा फोन आला. "एम.एस्सी. होऊन दुकानात डबे लावायलीस का गं?" मला लागलंच. लातूरच्या एका नावाजलेल्या क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवायचे. माझ्या बॅचची पोरं डॉक्टर झाली, त्यांचे फोटो चौकाचौकात लागले. पण त्या क्लासनं मला पी.एफ. दिला होता का? बाळंतपणाची रजा दिली होती का? पगार पाकिटातून, तोही जून-जुलैत अर्धा. आई म्हणते, आपल्याकडं महात्मा फुले योजनेत 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात. होतात की! तिचं स्वतःचं ऑपरेशन अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात झालं, एक रुपया लागला नाही, हे मी इथं मोठ्या तोऱ्यानं सांगते. आपल्या ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, तर अवलंबून असलेले आई-वडीलही धरतात. इथल्या कंपनीच्या विम्यात सासू-सासऱ्यांचं नाव घाला म्हटलं तर एचआरवाली माझ्याकडं बघतच राहिली.

पण ईएसआयसीला पगार 21,000 च्या आत लागतो आणि नोकरी कागदावर लागते. बीडहून कोयता घेऊन जाणाऱ्यांना ती कुणी दिली? उचल घेतली की फडावर आजारी पडायचीसुद्धा सोय नाही. त्यामुळं "तिकडं काय ठेवलंय, परत या" म्हणणाऱ्यांना मी सरळ विचारते, परत येऊन कागदावरची नोकरी कोण देणार? शिवाय थोरलीची दोन वर्षं राहिलीत शाळेची.

29 तासांवाल्यांना मी नकार कळवला. आता आमच्या भागातल्या शाळांना बसचालक हवे आहेत. सकाळी फेरी, दुपारी फेरी, मधले तास आपले. आठवड्याला 25 तास, आणि जाहिरातीत कुटुंबासह विमा असं स्पष्ट लिहिलंय. त्यासाठी मोठ्या गाडीचं व्यावसायिक लायसन्स लागतं, वर प्रवाशांचा आणि शाळेच्या बसचा असे दोन वेगळे शिक्के. अण्णा एस.टी.त कंडक्टर होते, त्यांना सांगितलं तर म्हणाले, "ड्रायव्हर कशाला, कंडक्टरचं बघ की." इथं कंडक्टर नसतो म्हटल्यावर त्यांना हा देशच अर्धवट वाटला.

लेखी परीक्षेचं पुस्तक घेऊन बसलेय. एअर ब्रेकचं प्रकरण अवघड आहे, बाकीचं जमेल. हप्त्यातला आमचा वाटा किती ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही, सोमवारी फोन लावते.