टेबलावरची टोपली

कॉम्प्युटरच्या पडद्यावर कचऱ्याची टोपली टेबलावरच (म्हणजे ‘डेस्कटॉप’वर) मांडलेली असते, याला बाबांची पहिल्या दिवसापासून हरकत आहे. त्यांची हयात सरकारी कचेरीत गेली. ‘टोपली टेबलाखाली असते. वर ठेवली तर साहेब काय म्हणेल?’ मुद्दा बिनतोड आहे. पण या टेबलाला खालची बाजूच नाही, हे त्यांना कोण सांगणार!

हे टेबल मुळात अमेरिकेतलं. झेरॉक्स कंपनीने १९८१मध्ये ‘स्टार’ नावाचा कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा कचेरीतल्या माणसाला बुजल्यासारखं होऊ नये म्हणून पडद्यावर त्याच्या ओळखीच्या वस्तू मांडल्या : कागद, फोल्डर, फायलींचे खण, आलेल्या टपालाची आणि जाणाऱ्या टपालाची अशा दोन टोपल्या. हे ऐकून बाबा खूश झाले. म्हणाले, ‘म्हणजे आवक-जावक! मग ती का काढून टाकली?’

हाच कारखाना पुण्यात निघता, तर पडद्यावर बहुधा रुमाल दिसले असते. पेशवे दफ्तरातले मोडी कागद असेच कापडात बांधून ठेवलेले आहेत, एकेका गठ्ठ्याला म्हणायचं रुमाल. त्यातलेच निवडक कागद इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३०पासून ४५ खंडांत छापून काढले. आता समजा, एकाच पत्रात फौजेचा थकलेला पगार आहे आणि सावकाराचं कर्जही आहे. ते कुठल्या रुमालात बांधायचं? कागद एका वेळी एकाच ठिकाणी राहणार, त्याला इलाज नाही. कॉम्प्युटरला अशी काही अडचण नव्हती. पण फोल्डरची उपमा घेतली आणि कागदाची अडचणही पदरात पडली. २००४मध्ये जीमेलने फोल्डरऐवजी लेबलं दिली, एका पत्राला हवी तेवढी. तरी अजून कित्येकजण एका पत्राला एकच लेबल लावतात. बाबांकडे यावर जुना उपाय आहे : कार्बन कॉपी, ‘प्रत माहितीस्तव सादर’. ईमेलच्या ‘सीसी’त ती अजून जिवंत आहे, हे कळल्यापासून ते प्रत्येक मेल मला माहितीस्तव सादर करतात. गॅसच्या बुकिंगचीसुद्धा.

उपमा फार इमानाने पाळली तरी फसते. मायक्रोसॉफ्टने १९९५मध्ये ‘बॉब’ नावाचा प्रोग्रॅम आणला. त्यात पडद्यावर चक्क घर होतं. खोलीत जायचं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिचकी मारली की कॅलेंडर उघडणार. वर्षभरात गाशा गुंडाळला. सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलेला माणूस सांगेल, एका चिठ्ठीसाठी दोन चौक ओलांडून माडीवर जायचा कंटाळा येतोच. उलट ॲपलच्या जुन्या मॅक कॉम्प्युटरवर फ्लॉपी डिस्क बाहेर काढायची, तर ती कचऱ्याच्या टोपलीत टाकायची रीत होती! नवखा माणूस घाबरायचा. पुढे मॅकवाल्यांनी डिस्क ओढायला लागलं की टोपलीचंच चित्र बदलायची सोय केली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

टोपलीची खरी गोम वेगळी आहे. जुन्या फिरत्या चकतीच्या डिस्कवर टोपली रिकामी केली तरी फाइल तिथेच असते. जिन्याखालच्या पाटीवरून भाडेकरूचं नाव खोडलं, एवढंच होतं. बिऱ्हाड आत तसंच, नवा भाडेकरू येईपर्यंत. म्हणून तर पुसलेले फोटो परत काढून देणाऱ्यांचं दुकान चालतं. मला ही लबाडी मान्य आहे. टेबल खोटं असेना का, वस्तू कुठे ठेवली ते तरी दिसत होतं.

पुतणीच्या फोनमध्ये टेबलच नाही. ‘तुझी पीडीएफ कुठे आहे?’ विचारलं तर ‘फोनमध्ये’. शोधते कशी? नाव टाइप करते. अलीकडे तेही नाही, फोनलाच नुसतं विचारते, ‘मागच्या महिन्यातली फीची पावती दाखव,’ आणि येते पावती. जागेची उपमा गेली, माणसाची आली.

बाबांना मात्र हे नवं वाटलं नाही. ‘आमच्याकडे एक हेडक्लार्क होते. कपाटं कुणीच उघडायचं नाही, त्यांना विचारायचं. दोन मिनिटांत फाइल हजर. कुठली दाबून ठेवलीय, तेही फक्त त्यांनाच माहीत असायचं.’