बीम फोडून नेलेला पाइप आणि त्याची दुरुस्ती: माझा अनुभव

बाथरूम नव्याने करताना संडासाचा ११० मिमीचा पाइप बीममधून आरपार नेलेला, तोही कॉलमपासून जेमतेम हातभर अंतरावर. कोअर कटर (गोल भोक कापणारं यंत्र) लावला असता तर भोक १२५ मिमीत आटोपलं असतं. ब्रेकर चालवल्यामुळे भगदाड २०० मिमीच्या पुढे गेलं. वाटेत आलेल्या दोन रिंगा (सळयांना वेढणाऱ्या लोखंडी कड्या) ग्राइंडरने उडवल्या, तळाच्या तीनपैकी एक १६ मिमीची सळई कापली, उरलेल्या फटीत विटांचे तुकडे कोंबले आणि वर गुळगुळीत गिलावा. खालच्या घरात बीमवर तिरकी भेग उमटली तेव्हा हे उघडकीला आलं. अशा दुरुस्त्या मी करतो. हे काम ज्या क्रमाने केलं तो क्रमच महत्त्वाचा आहे, म्हणून लिहितो.

आधी भेग वाचायची. बीमच्या मध्यावर तळातून वर चढणारी उभी भेग वाकण्याची असते. सळईच्या रेषेत आडवी धावणारी भेग गंजाची. आधाराजवळची साधारण ४५ अंशांची तिरकी भेग शिअरची (बीम कातरू पाहणाऱ्या जोराची), आणि तिघींत हीच जास्त भीतीची, कारण शिअरमध्ये बीम फार आधी इशारा देत नाही. आधाराजवळ शिअर सर्वांत जास्त असतो, म्हणून तिथे रिंगा जवळजवळ बांधतात. पाइपवाल्याने नेमकी तीच जागा निवडली होती, कारण शाफ्ट (पाइपांसाठीची उभी मोकळी जागा) तिथून जवळ पडत होता. मध्यावरचं भोक एक वेळ निभावतं, पण बीमच्या उंचीच्या मधोमध असेल तर आणि सळया-रिंगांना धक्का न लावता पाडलं असेल तर.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. गवंडी येतो आणि पहिल्यांदा छिन्नी उचलतो. बीमवर पूर्ण भार असताना सैल काँक्रीट काढलं तर उरलंसुरलं बळही जातं. आणि ती बला टळली तरी दुसरी उरते: नवीन काँक्रीट ओतलं जातं तेव्हा बीम आधीच वाकलेला असतो, त्यामुळे आधीच्या भारातला वाटा नव्या काँक्रीटकडे जातच नाही. टेकू न लावता केलेलं जॅकेट (जुन्या बीमभोवती चढवलेला नव्या काँक्रीटचा थर) म्हणजे निव्वळ शोभा.

म्हणून पहिलं काम वरचं वजन उतरवणं. नव्या फरशीखाली ७५ मिमीचा जादा कोबा टाकला होता. कोब्याचं वजन घनमीटरला सुमारे २००० किलो धरा, म्हणजे चौरस मीटरला १५० किलो. चार चौरस मीटरच्या बाथरूममध्ये ६०० किलो. राहत्या घरात माणसं आणि सामानासाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो धरलेले असतात. त्यातला तीन चतुर्थांश एकट्या कोब्याने खाल्ला. ‘थोडा उतार करायला माल टाकला’ हे वाक्य ऐकलं की मी आधी जाडी मोजतो. तो कोबा कटरने चौकोन पाडून छिन्नीनेच काढला, ब्रेकर आणू दिला नाही.

मग टेकू. बीमखाली ६०० ते ९०० मिमी अंतरावर लोखंडी जॅक, वर-खाली जाड फळी. खालच्या स्लॅबवर नुसता जॅक उभा केला तर बीमचा भार त्या स्लॅबवर येतो, म्हणून त्याच्या बरोबर खाली पुढच्या मजल्यावरही टेकू, आणि असं करत जमिनीपर्यंत. जॅक किती आवळायचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. जोर लावून बीम वर उचलायला गेलात तर वरच्या बाजूने तडे जातात. आवळताना एक माणूस भेगेवर डोळा ठेवून उभा होता.

छिन्नीकाम त्यानंतरच. हातोडीने ठोकत जायचं: ठणठणीत आवाज आला की काँक्रीट धड, भद्द आवाज आला की सैल. विटांचे तुकडे निघाल्यावर मागे उघडी सळई दिसली, तिच्यावर तपकिरी पापुद्रे. सळईमागे २० ते २५ मिमी जागा मोकळी करावी लागते, नाहीतर नवा माल सळईला वेढत नाही. वायर ब्रशने सळई चकचकीत होईपर्यंत घासली, मग गंजरोधक प्राइमर.

कापलेल्या सळईला जोड देण्याचा मोह होतो. साधारण धरतात तशी व्यासाच्या ५० पट लॅप (दोन सळया शेजारी शेजारी ठेवण्याची लांबी) घ्यायची तर १६ मिमीला ८०० मिमी लागते, आणि कॉलमजवळ तेवढी जागा नव्हती. वेल्डिंग नको, टीएमटी सळईचा बाहेरचा कडक थर उष्णतेने नरम पडतो. म्हणून बीमच्या तळाशी नव्या सळया घालून त्यांची टोकं कॉलममध्ये केमिकलने (सळई काँक्रीटला चिकटवणाऱ्या रसायनाने) रोवली. १६ मिमीच्या सळईला २० मिमीचं भोक, खोली इंजिनिअरच्या आकड्याप्रमाणे. ड्रिल करण्याआधी कॉलमच्या सळया रीबार लोकेटरने शोधून खुणा केल्या, नाहीतर बीम वाचवताना कॉलम जायचा. भोक फुंकायचं, ब्रश फिरवायचा, पुन्हा फुंकायचं. धूळ राहिली की केमिकल धुळीला चिकटतं आणि सळई हाताने ओढली तरी निघते.

नव्या रिंगा पूर्ण बंद करता येत नाहीत, कारण वर स्लॅब असतो. इंग्रजी यू आकाराच्या रिंगा खालून घातल्या, पाय स्लॅबच्या भोकांतून वर काढून तिथे वळवले.

शटरिंग अगदी घट्ट हवं. मायक्रोकाँक्रीट (पिशवीत तयार मिळणारं बारीक काँक्रीट) पाण्यासारखं वाहतं, फटीतून पळतं. जुन्या काँक्रीटला टाचे मारले, धुतलं, भिजवलं, साचलेलं पाणी पुसलं. बाँडिंग कोट (जुना आणि नवा माल चिकटवणारा लेप) वापरायचा असेल तर तो ओला-चिकट असेपर्यंतच माल पडला पाहिजे. शटरिंग बसवता बसवता सुकला तर तो चिकटवत नाही, उलट दोन थर वेगळे करतो. पिशवीवर लिहिलंय तेवढंच पाणी मापाने घालायचं. ‘जरा पातळ कर’ म्हणणाऱ्याला तिथून बाजूला करावं. स्लॅबमधल्या एका भोकातून माल ओतला, दुसऱ्यातून हवा बाहेर आली, आणि तिथून माल वर दिसेपर्यंत थांबलो नाही. शटरिंग काढल्यावर सात दिवस ओली गोणपाटं.

पाइप बीमच्या तळाखालून, स्लॅबला लटकवून शाफ्टपर्यंत नेला. उतार १:४० च्या आसपास. खालच्या घरात छताची उंची कमी झाली, त्याला इलाज नव्हता.

त्याच बाथरूममध्ये नळाच्या लाइनसाठी कॉलमवरही आडवी झिरी मारलेली सापडली. कॉलमचं कव्हर (सळया-रिंगांवरचा काँक्रीटचा थर) साधारण ४० मिमी असतं. झिरी कव्हरातच थांबली होती, रिंग शाबूत होती. ती पॉलिमर मॉर्टरने थरांत भरली आणि लाइन भिंतीवरून फिरवली.

क्यूबची (चाचणीसाठी त्याच मालातून भरलेल्या ठोकळ्यांची) ताकद हवी तेवढी आल्याचं दिसल्याशिवाय टेकू हलवले नाहीत. सहा मीटरपर्यंतच्या बीमला नेहमीच्या कामात किमान १४ दिवस धरतात. टेकू सोडताना मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं, थोडं थोडं सैल करत. बाल्कनीसारखा एका टोकाचाच आधार असेल तर मोकळ्या टोकापासून. वरच्या मजल्याचे टेकू पूर्ण निघाल्यावरच खालच्या मजल्यांवरच्यांना हात. बीमच्या तळाला दोरा ताणून मधला झोल सोडण्याआधी मोजला, सोडल्यावर लगेच मोजला आणि २४ तासांनी पुन्हा. मग भरलेल्या भेगेवर तारीख घालून प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावली. ती तडकली तर मला फोन करायचा, असं खालच्या घरच्यांना सांगितलं.