आधी कोणता आवाज, मग कोणता

कायोटी या कोल्ह्यासारख्या जनावराचे अमेरिकेतले शिकारी तोंडाने शिट्टी वाजवून नाहीतर रिमोटच्या स्पीकरवर आवाज लावून जनावर जवळ बोलावतात, त्याचे व्हिडिओ मी आवडीने पाहतो. शिकारीत मला रस नाही, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कोल्ह्याची शिकार बंद आहे अन ते बरोबरच आहे, पण कशामागून कोणता आवाज काढायचा यावर ती माणसं जेवढा विचार करतात ना, त्यानं मला आपल्या वावरातला कोल्हा जास्त समजायला लागला. कायोटी त्याचाच भाऊबंद.

जाणकार माणूस बसल्याबसल्या जोरात सशाचं किंचाळणं लावत नाही. आधी बारीक आवाज, कारण जनावर बाजूच्याच झुडपात पडलेलं असलं तर मोठ्या आवाजानं बिथरून पळते. थोडं वाजवायचं, थांबायचं, ऐकायचं, मग आवाज वाढवायचा, एका जागी पंधरा-वीस मिनिटं तरी. अन कायोटी बहुतेक वेळा सरळ येत नाही, फेरा मारून वास घ्यायला वारा जिकडे जातो त्या बाजूनं येतो, म्हणून आवाजाच्याही आधी बसायची जागा ठरते.

बाकी सगळं हंगामावर. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या सालची पिल्लं आईबापापासून सुटायला लागतात, भुकेली असतात, अनुभव नसतो, तेव्हा सशाचा आवाज पुरतो. जानेवारी-फेब्रुवारीत जोड्या जमतात, तेव्हा हुकी, म्हणजे लांब सूर लावून ओरडणं, चालते, पण आधी एकट्याची साधी लांब हुकी, 'कोणी आहे का' विचारल्यासारखी, कारण पहिलाच आवाज भुंकून दम दिल्यासारखा काढला तर तरणं जनावर तिकडे फिरकतच नाही. पिल्लाचं केकाटणं सगळ्यात शेवटी. ते ऐकून पोट भरलेलं जनावरही धावत येते, अन त्याच्यानंतर सशाच्या आवाजात काही जोर उरत नाही. उन्हाळ्यात बिळात पिल्लं असताना ते वापरून आईबापाला बोलावून मारणं मात्र मला पटत नाही, कितीही सांगा.

आता आपलं. हरभऱ्याच्या जागलीला जाणाऱ्यांना माहीत आहे, दिवस बुडाला की एक जण लांब हुकी देतो, मग बाकीचे त्यात घुसतात, अन दोन-तीनच असले तरी दहा-बारा वाटतात. आबाजी म्हणत, "पयला कोठून वरडला ते नोको पाहू, जवाब कोठून आला ते पाह्य." युरोपात अभ्यासक नेमकं हेच करतात, रेकॉर्ड केलेली हुकी लावून किती ठिकाणांहून जवाब येते त्यावरून कोल्ह्यांच्या टोळ्या मोजतात.

पण ते परवानगीनं, ठरवून केलेलं काम आहे. फोटोसाठी ब्लूटूथ स्पीकर घेऊन धुऱ्यावर कोल्हेकुई लावू नका रे बाप्पा! त्याच्यासाठी ती परक्याची हुकी, हद्दीत कोणी घुसलं म्हणून तो पिल्लं सोडून निघतो, अन तेवढ्यात गावातले कुत्रे बिळापाशी पोचले तर? वावरातले उंदीर खाणारं जनावर आहे ते.

ऐकायचंच असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यांच्या जोडीच्या काळात, स्पीकर न नेता जा. पहिली हुकी कोणत्या बाजूनं, जवाब कोणत्या बाजूनं, किती वेळानं, एवढं वहीत लिहा. चार-सहा संध्याकाळी त्याच नाल्याकडून जवाब येत राहिला तर तिथं एखादी जोडी राहते असं समजायला हरकत नाही, अन मग त्या बाजूचं काटेरी झुडूप यंदा पेटवू नका.