हिल स्ट्रीटचा चढ

बुधवार

आज सायकल मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोत, फिशरमन्स वॉर्फजवळच्या एका दुकानातून भाड्याने घेतली, रविवारपर्यंत माझ्याकडेच राहणार. मोटार पायडलच्या मधोमध, बॅटरी खालच्या दांड्यात, हँडलवर अंगठ्याने दाबायची दोन बटणं. पायडल मारलं तरच मोटार चालते, पाय थांबले की तीही थांबते. आपण किती जोर लावतोय हे तिला कळतं आणि त्या हिशेबाने ती स्वतःची भर घालते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात हा पहिला वर्ग. ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरपर्यंतच मदत. त्यापुढे तुमचे तुम्ही.

दुकानातल्या मुलाने ब्रेक, गिअर, कुलूप हे सगळं पटापट दाखवलं, पण एक गोष्ट थांबून नीट सांगितली: केबल कारचे रूळ काटकोनातच ओलांडायचे. तिरकं गेलं की चाक खोबणीत जातं आणि माणूस आडवा होतो. हाइड स्ट्रीटपाशी सिग्नलला थांबले तेव्हा रुळांच्या मधल्या फटीतून घरघर ऐकू येत होती. गाडीचा पत्ता नव्हता. जमिनीखाली पोलादी दोर सारखा धावत असतो, ताशी साडेनऊ मैलांनी, आणि वरची गाडी त्याला चिमट्यात धरून चढ चढते. अँड्र्यू हॅलिडीने १८७३ मध्ये क्ले स्ट्रीटच्या टेकडीवर हे पहिल्यांदा चालवून दाखवलं. चढासाठी जोर उसना घ्यायचा ही या गावाची दीडशे वर्षांची रीत आहे, मग माझ्या सायकलीच्या मोटारीला कुणी का नाक मुरडावं?

नाक मुरडणारे आहेत. पुण्याहून निघताना एका जुन्या मैत्रिणीने सुनावलंच, "मोटार लावलीस म्हणजे ती सायकल कसली?" मला हे अजिबात पटत नाही. कॉलेजला मी सदाशिव पेठेतून सायकलनेच जायचे, पुणं तेव्हा सायकलींचंच गाव होतं. आता साठी ओलांडली, उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. मोटार नसती तर या शहरात मी किनाऱ्याच्या सपाट रस्त्यावरून इकडून तिकडे गेले असते आणि शहर पाहिलं म्हणून घरी आले असते. पाहुण्याला जे दाखवायला ठेवलेलं असतं, तेवढंच नशिबी. मला कुठे जायचंय ते मी ठरवावं, माझ्या गुडघ्याने ठरवू नये, एवढ्यासाठी ही सायकल घेतली आहे.

आणि कुठे जायचं ते ठरलेलं आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे आणि विष्णू गणेश पिंगळे. एक वर्ध्याचा, एक तळेगाव ढमढेऱ्याचा. हिंदुस्थानातलं इंग्रजांचं राज्य उलथायला परदेशातल्या हिंदुस्थानींनी उभारलेल्या गदर चळवळीतली ही दोन मराठी माणसं. त्या चळवळीचं ठाणं या शहरात होतं. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "आई, इथे दहा वर्षं राहून मी एकदाही गेले नाही तिकडे." मग म्हणाली, "हेल्मेट काढायचं नाही हं."

गुरुवार

एम्बार्काडेरोवरून निघाले. डाव्या हाताला उंच इमारती, उजवीकडे खाडी, समोर फेरी बिल्डिंगचा मनोरा. ही इमारत १८९८ ची, १९०६ च्या भूकंपातून वाचलेली. तिच्यासमोरून पूर्वी दुमजली महामार्ग जायचा आणि खाडी झाकून टाकायचा. १९८९ च्या भूकंपात त्याला तडे गेले आणि १९९१ मध्ये तो पाडला. आज तिथे पाम वृक्ष आहेत, ट्राम आहे, सायकलींना जागा आहे. मोडलेली गोष्ट पुन्हा न बांधण्याचा शहाणपणा एखाद्या शहराने दाखवला याचं मला फार अप्रूप वाटतं. इथेच, मार्केट स्ट्रीटच्या तोंडाशी, १९९२ मध्ये 'क्रिटिकल मास' सुरू झालं: महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी सायकलवाल्यांनी जमायचं आणि घोळक्याने रस्त्यावरून जायचं. पुढे जगभरच्या शहरांनी ते उचललं.

मार्केट स्ट्रीटने वर गेल्यावर 'विगल' लागतं. ड्युबोस, स्टायनर, वॉलर, पिअर्स, हेट, स्कॉट असे एकामागून एक काटकोनी वळणांचे रस्ते, जमिनीवर हिरव्या खुणा. सुरुवातीलाच एका लांबच लांब भिंतीवर सायकलींचं मोठं भित्तिचित्र आहे, तिथे पाच मिनिटं रेंगाळले. नकाशात हा रस्ता वेडावाकडा दिसतो, पण त्याला कारण आहे. इथून पूर्वी ओढा वाहायचा. पाणी टेकड्यांच्या मधून जिथून वाट काढतं तिथे चढ सगळ्यात कमी, म्हणून सायकलवाले ओढ्याच्याच वाटेने जातात. बाकीच्या शहराने ओढ्याचं ऐकलं नाही. १८४७ मध्ये जॅस्पर ओफॅरेलने मोजणी करून आखणी केली ती चौकटींची, सरळ रेषांची, आणि पुढे त्या रेषा टेकड्यांवरूनही तशाच ओढल्या गेल्या. म्हणून इथले रस्ते भिंतीला शिडी लावावी तसे उभे. विगलमध्ये मोटार सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवली आणि तरी सहज वर आले. दोन्ही बाजूंना बायका-पुरुष, पाठीवर दप्तरं, पुढच्या पेटीत लहान मुलं. कुणी घाईत नव्हतं.

पॅनहँडल या लांबट बागेतल्या निलगिरीच्या झाडांखालून पुढे मेसॉनिक ॲव्हेन्यूचा चढ धरला. तिथे सायकलींसाठी रस्त्यापासून उचललेली वेगळी मार्गिका आहे. ५, वुड स्ट्रीट. छोटासा, शांत रस्ता आणि त्यावर गदर मेमोरियल, चळवळीचं स्मारक. गदर पक्षाचं जुनं घर गेलं, आताची इमारत सत्तरच्या दशकातली. दार बंद होतं. सायकल स्टँडवर लावून पाटी वाचली. शेजारून एक बाई कुत्रा घेऊन गेली, हसून 'हाय' म्हणाली. तिला सांगावंसं वाटलं की या जागेचं माझ्या मुलखाशी नातं आहे. सांगितलंही. ती खरोखर थांबली, ऐकलं, "रोज इथून जाते, कधी विचारच केला नव्हता," म्हणाली. गाडीतून आले असते तर हे बोलणं झालं नसतं.

शुक्रवार

गोल्डन गेट पार्क. जेएफके ड्राइव्हच्या पूर्वेकडच्या भागात आता मोटारगाड्या नाहीत. १९६७ पासून रविवारी बंद असायच्या. साथीच्या काळात, २०२० मध्ये, रोजच बंद केल्या आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी मतदान करून ते कायम केलं. काचेचं कन्झर्व्हेटरी, बायसन, पवनचक्की, शेवटी समुद्र. दुपारी धुकं आलं आणि स्वेटरवर वाऱ्याचं जाकीट चढवावं लागलं. आज जास्त लिहिण्यासारखं नाही, पाय मात्र आनंदात आहेत.

शनिवार

आज हिल स्ट्रीट.

जाताना सेव्हन्थ आणि मिशनच्या कोपऱ्यावर थांबले. तिथलं दगडी न्यायालय १९०५ चं. १९१७-१८ मध्ये गदरवाल्यांवरचा खटला या शहरात चालला, तो याच इमारतीत. शेवटच्या दिवशी भर न्यायालयात रामचंद्रांवर गोळी झाडली गेली. ते पक्षाचे एक नेते होते आणि गोळी झाडणारा होता त्यांच्याच बरोबरचा एक आरोपी. चळवळीची कहाणी निव्वळ उजळ नाही, हे इथे उभं राहिलं की टाळता येत नाही.

व्हॅलेन्सिया स्ट्रीटने दक्षिणेला गेले. इथपर्यंत सपाट. डोलोरेस पार्क मागे टाकल्यावर पश्चिमेला वळायचं आणि मग टेकडी सुरू. शेजारच्या बाविसाव्या रस्त्याचा एक तुकडा तर ३१.५ टक्क्यांचा आहे, म्हणजे शंभर फूट पुढे जाताना साडेएकतीस फूट वर. त्याच्या वाटेला गेले नाही. तरी माझ्या वाट्याला आलेला चढ पुरेसा होता. मोटार सगळ्यात वरच्या पायरीवर, गिअर सगळ्यात हलका. अशा चढावर पुढचं चाक हलकं होतं, सायकल मागे उलटेल असं वाटतं, म्हणून कोपर वाकवून छाती हँडलकडे न्यायची आणि सीटच्या टोकावर सरकायचं. मोटारीचा आवाज बदलतो, बारीक गुणगुण जाड होते. पाय थांबवायचे नाहीत, कारण पाय थांबले की मोटार थांबते आणि चढावर पुन्हा सुरुवात करणं महाकठीण. डोळे दहा फुटांवरच्या रस्त्यावर ठेवले, वर बघितलंच नाही. श्वास लागला, घाम आला. ज्यांना वाटतं की मोटार सगळं करते, त्यांनी एकदा इथे यावं.

४३६, हिल स्ट्रीट. गदरचं पहिलं ठाणं, 'युगांतर आश्रम'. इथून १ नोव्हेंबर १९१३ रोजी 'गदर' साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. आधी उर्दूत, मग गुरुमुखीत. लिहिणारे, छापणारे, घड्या घालून पत्ते लिहिणारे एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे. कर्तारसिंग सराभा, सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, हाताने छपाईयंत्र फिरवायचा. रस्त्यावर आता राहती घरं आहेत, कुंड्या, कचऱ्याचे तीन रंगांचे डबे, दारात कुणाची तरी तीनचाकी. माणसं राहतात तिथे, म्हणून मोबाइल रोखून उभी राहिले नाही. रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभी होते आणि वाटलं, कागदाची रिळं, शाईचे डबे, टपालाचे गठ्ठे, हे सगळं या चढावरून वर-खाली नेत होते ती पोरं. त्यांना कुणाची मोटार नव्हती.

खानखोजे आधी या किनाऱ्यावर विद्यार्थी म्हणून आले, शेतीशास्त्र शिकायला. पक्ष उभा राहिला तेव्हा प्रचाराची बाजू लाला हरदयाळांकडे आणि लढाईच्या तयारीची खानखोज्यांकडे. पिंगळे सिॲटलला इंजिनिअरिंग शिकत होते. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात परतले, सराभाही त्याच वर्षी परतला. छावण्यांतल्या शिपायांना उठवायचं ठरलं होतं. बेत फुटला. १९१५ च्या मार्चमध्ये पिंगळे मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बॉम्बसकट पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी, सराभाबरोबर, एकाच दिवशी. पिंगळे सत्तावीस वर्षांचे होते. माझी लेक त्याहून मोठी आहे. सराभाचं नाव पंजाबात घरोघरी आहे, आणि असायलाच हवं. पण तळेगाव ढमढेऱ्याच्या या मुलाचं नाव पुण्यात, तीस-पस्तीस किलोमीटरवर, किती जणांना ठाऊक आहे? मला स्वतःला ते शाळेत कुणी शिकवलं नाही. नातवाला मात्र आज रात्री जेवताना सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "आजी, ते घाबरले नसतील?" मी म्हटलं, घाबरले असतील, आणि तरी गेले.

उतरताना दोन्ही ब्रेक सतत थोडे थोडे दाबत आले. बॅटरीची निम्म्याहून अधिक रेघ खाल्ली गेली होती.

रविवार

सकाळी क्रिसी फील्डवरून गोल्डन गेट पुलाकडे. पुलाच्या अलीकडच्या चौकात मुख्य दोराचा आडवा छेद ठेवला आहे, जवळपास माझ्या कमरेइतक्या उंचीचा. पेन्सिलीएवढ्या तारा, एकाला एक खेटून, एका दोरात २७,५७२. बोट फिरवून पाहिलं. या दोरांवर १२८० मीटरचं मधलं अंतर १९३७ पासून लोंबकळत आहे यावर विश्वास बसायला तो छेद बघायलाच हवा.

सुट्टीच्या दिवशी सायकली पश्चिमेच्या, समुद्राकडच्या बाजूने जातात. मनोऱ्याला वळसा घालताना वारा एकदम आडवा मारतो, तिथे वेग कमी करून हँडल घट्ट धरावं. सकाळी पूल दिसतच नव्हता, धुक्याचा भोंगा वाजत होता. अर्ध्यावर पोचेपर्यंत धुकं फाटलं आणि पलीकडे, उत्तरेला, माउंट टॅमलपायसचा कणा वर आला. खानखोजे तिकडच्या लष्करी शाळेत शिकले, सॅन राफेलला, कवायत आणि शस्त्रं शिकायला. वर्ध्याच्या मुलाने गुलामीवर उपाय शोधायला इतक्या लांब यावं! तेव्हा हा पूल नव्हता, पलीकडे जायचं तर बोटच. पुढे आयुष्य त्यांना मेक्सिकोला घेऊन गेलं आणि तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत त्यांनी मक्यावर आणि गव्हावर काम केलं. बंदुकीपासून बियाण्यापर्यंतची ही वाट मला तरी एकाच ओढीची वाटते, आपल्या माणसाला पोटभर आणि मानाने जगता यावं.

पूल संपल्यावर सॉसलिटोपर्यंत लांब उतार. परत येताना मी मुद्दाम पूल सोडला आणि फेरी घेतली. धक्क्यावर सायकलवाल्यांची रांग मोठी होती. बोटीत सायकली एकमेकींना टेकवून ओळीने लावतात, जो शेवटी उतरणार त्याची आत. अल्काट्राझ डावीकडून गेलं. खानखोज्यांच्या वेळीही खाडी अशीच ओलांडावी लागत असणार, हाच वारा खात.

संध्याकाळी सायकल परत करायला गेले तर लेक म्हणाली, "आई, बर्कली राहिलंच की. खानखोजे तिथेही होते ना?" दुकान अजून उघडं होतं. दोन दिवसांचं भाडं आणखी भरलं. बार्टच्या, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेच्या, गाडीत सायकल नेता येते, फक्त पहिल्या डब्यात चढायचं नाही. उद्या गर्दी ओसरली की दहाच्या सुमारास निघायचं, लेकीनेही रजा टाकली आहे.